कसबा बावड्यातलं परडं: वेलीखाली झाकलेलं दुखणं

फोन पुण्याहून आला होता. "आईच्या परड्यातला आंबा वेलीनं मारलाय. वेल काढा. आंबा वाचत असंल तर बघा, नाहीतर त्योबी काढून टाका, गाडी लावायला जागा हुईल." निदान, उपचार आणि मयताची तयारी, सगळं एका दमात उरकलेलं. कोल्हापुरात लोकांची परडी आणि जुनी झाडं बघायचं काम मी करतो, त्यामुळं असले फोन मला नवे नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बावड्यात गेलो. पुढं वर्षभर तिथं काय झालं ते लिहितोय, माझ्या हातून झालेल्या चुकीसकट.

घर जुनं. पुढं सोपा, मधे दोन खोल्या, मागं साडेतीन गुंठ्यांचं परडं. मागच्या भिंतीपलीकडं ऊस आणि उसापलीकडं पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 43 फुटांवर गेलं की धोक्याची पातळी ओलांडली म्हणतात. 2019 आणि 2021 ला ते त्याच्या कितीतरी वर गेलं आणि दोन्ही वेळा या परड्यात कंबरेएवढं पाणी होतं. घरातला गाळ लोकांनी मिळून काढला, परड्यातला वीतभर गाळ तसाच राहिला. आक्का, म्हणजे फोन करणाऱ्याची आई, सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेले. मागच्या दाराची कडी लागली ती लागलीच. पुराचा गाळ म्हणजे फुकटचं खत, वर विचारणारं कुणी नाही. वेलींना आणखी काय पाहिजे?

मागचं दार उघडायला मला खांदा लावावा लागला. समोर सगळं एकच हिरवं. त्यात कुठलं झाड कुठं संपतं ते कळेना. हळूहळू मोजदाद झाली: एक रायवळ आंबा, एक फणस, कडुनिंब, रामफळ, दोन नारळ. भिंत, रामफळ आणि घराकडं येणारी विजेची सर्व्हिस वायर जांभळ्या भोंग्यांच्या गारवेलीनं गिळलेली. फणसाच्या खोडावर पंचवीस फुटांपर्यंत मनीप्लांट. आपण बाटलीत लावतो तोच, फक्त इथं त्याची पानं सुपाएवढी आणि कडेनं फाटलेली. चढायला आधार मिळाला की तो असाच मोठा होतो. कडुनिंबावरून आंब्यावर गेलेली गुळवेल मनगटाएवढी जाड. आंब्याच्या फांद्यांवर सात-आठ ठिकाणी बांडगुळाचे झुबके.

लोक या सगळ्यांना सरसकट 'वेल' म्हणतात आणि सगळ्यांवर एकच इलाज करतात, कोयता. पण यातल्या प्रत्येकाचा धंदा वेगळा. गारवेल झाडाच्या पानांवर गोधडीसारखी पसरते आणि ऊन अडवते. तिच्याखाली रामफळाचा अर्धा माथा पानाविना उरला होता. मनीप्लांट खोडातून काही शोषत नाही, नुसता मुळ्यांनी धरून बसतो, पण साल कायम ओली ठेवतो. गुळवेलही रस पीत नाही. तिचा त्रास वजनाचा, आणि वळवाच्या वाऱ्यात शिडासारखं काम करण्याचा. खरं पिणारं फक्त बांडगूळ. ते आपली मुळं फांदीच्या लाकडात घालतं आणि झाडाचं पाणी, क्षार उचलतं. पानं हिरवी असल्यानं अन्न स्वतः करतं, म्हणून अर्धं परजीवी. त्याचं चिकट बी फुलटोच्या पक्षी खातो आणि शीट फांदीला पुसतो, तिथंच नवं उगवतं. बांडगूळ नुसतं ओरबाडून उपयोग नसतो, आतली मुळी राहते आणि पुन्हा फुटते. फांदी बारीक असेल तर धरलेल्या जागेच्या हातभर खालून कापावी लागते.

मग आंबा बघितला, आणि तिथं एक गोष्ट जुळेना.

वेल पूर्वेकडं होती. वाळलेला शेंडा पश्चिमेकडं. जिथं गुळवेलीचं जाळं दाट होतं तिथल्या फांद्यांना मोहोर होता, विरळ का होईना. जिथं वेल पोहोचलीच नव्हती, तिथल्या डहाळ्या टोकाकडून खाली वाळत आल्या होत्या. वेलीनं मारलेलं झाड असं मरत नाही. टोकाकडून खाली मरणाऱ्या झाडाचं दुखणं बहुतेक वेळा मुळाशी असतं. म्हणून मी खाली बघितलं, तर खोड सिमेंटच्या कट्ट्यात विजेच्या खांबासारखं सरळ उतरलेलं. पाऊणशे वर्षांच्या आंब्याचा बुंधा असा नसतो. जमिनीशी तो फाकतो, मुळांचे सोंड्यासारखे फाटे दिसतात. इथं एकही फाटा दिसत नव्हता. म्हणजे बुंधा आत पुरलेला.

"आक्का, हा कट्टा कधीचा?"

"ह्यांच्या निवृत्तीच्या वर्साला बांधला. पेन्शनीचं पैसं आल्तं न्हवं. बसायला बरं पडतंय म्हणून. आत मातीबी भरली चांगली, चार ट्रॉल्या."

"आणि झाड कधीचं?"

"माझ्या सासऱ्यांनी कोय पुरली हुती, संस्थान विलीन झालं त्या साली."

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मी 10 फूट 4 इंच मोजला, त्यामुळं आक्कांच्या सांगण्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. हा हिशोब गाडी लावायच्या जागेसाठीही महत्त्वाचा होता. शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या महाराष्ट्राच्या झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. शेजारच्या एका गृहस्थांनी भिंतीवरून सल्ला दिला होता, "बुंध्यात भोक पाडून हिंग भरा, आपोआप जातंय, कोन इचारतंय." त्या कायद्यात झाड 'तोडणे' याच्या अर्थात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. हिंगसुद्धा. हे मी पुण्याच्या चिरंजीवांना फोनवर सांगितलं आणि गाडीचा विषय निदान त्या वर्षापुरता मिटला. फांद्यांच्या छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडं अर्ज दिला, पाहणी झाली, आणि परवानगी हातात येईपर्यंत आम्ही वेलींकडं वळलो.

माझ्याबरोबर झाडावर चढायला मामा असतात. साठीचा माणूस, पण दोर कमरेला बांधला की पोरासारखा वर जातो. जोडीला दोन गडी. पहिला दिवस गारवेलीचा. सर्व्हिस वायरवरची वेल कुणी ओढायची नाही, ही माझी पहिली अट. लाइनमनला बोलावून वीज बंद केल्याशिवाय त्या बाजूला कोयता लावला नाही. गारवेल सोपी. बुडातून कापली, दोन दिवस कोमेजू दिली, मग चटईसारखी गुंडाळत आणली. तिचं खरं काम जमिनीत असतं. कांड्याकांड्यावर मुळी फुटलेली असते, ती कुदळीनं खणून काढावी लागते, नाहीतर जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे. ढिगाऱ्याखालून पाच फुटी धामण निघाली. गडी काठी शोधायला लागले, मामांनी ओरडून थांबवलं, आणि ती बिचारी उसात गेली. उंदरांची सोय तिच्याकडंच होती.

दुसऱ्या दिवशी फणस. माझी चूक इथं झाली.

आक्कांच्या नातीचं लग्न एप्रिलात होतं, मांडव परड्यात घालायचा होता. पुण्याहून रोज फोन. मीही म्हटलं, मनीप्लांट तर आहे, एका दिवसात उतरवू. मार्चचा मध्य होता. मामा म्हणाले, "बुडात एक हातभर पट्टा कापूया, वरचं वाळू दे, वळवानंतर उतरवू." मी ऐकलं नाही. गड्यांनी दोर लावून वरून खाली ओढायला सुरुवात केली. मनीप्लांटच्या मुळ्या सालीच्या खाचेत इतक्या घट्ट बसलेल्या असतात की ओढताना चर्रर्र आवाज येतो, जुनं पोस्टर भिंतीवरून फाडावं तसा. आता फणसाला फळ धरतं ते खोडावर आणि जाड फांद्यांवर, आखूड गाठाळ देठांवर. त्याच गाठींतून दरवर्षी नवा बहर येतो. वेलीबरोबर त्या गाठीही निघाल्या, आणि त्यांना लागलेल्या सात कुयऱ्या. मुठीएवढ्या, चीक गळणाऱ्या. मी खाली उभा राहून त्या गोळा करत होतो तेव्हा आक्का दारात आल्या. बघितलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. भाजी करूया आता, दुसरं काय."

भाजी चांगली झाली होती, ते सोडा. पण नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. जी साल पाच-सहा वर्षं सावलीत आणि ओलाव्यात होती, ती एका दिवसात उघडी पडली, तीही पश्चिमेकडं, कोल्हापूरच्या एप्रिलच्या दुपारच्या उन्हात. महिन्याभरानं जाऊन बघतो तर त्या बाजूला सालीचा रंग तांबूस झालेला, उभी भेग, बोटानं दाबलं की पोकळ वाजायचं. माणसाची कातडी पोळावी तशी झाडाची साल पोळते. नखानं कड उचलली तर खालचा जो थर ओला, फिकट पाहिजे तो कॉफीच्या चोथ्यासारखा. साधारण दोन फूट उंच आणि हातभर रुंद पट्टा मेला होता. वेल काढल्या दिवशीच खोडाला चुन्याचा पातळ हात दिला असता तरी बरंच वाचलं असतं. पांढरा रंग ऊन परतवतो. तो मी एक महिना उशिरा दिला. मामा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

गुळवेलीच्या बाबतीत मात्र पट्टा कापून वाळू देण्याची युक्ती चालत नाही, हे तेवढंच खरं. आम्ही ती बुडात कापली, दोन फुटांचा तुकडा मधून काढून टाकला. पंधरा दिवसांनी गेलो तर वरची वेल हिरवीगार, आणि तिच्यातून दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या खाली लोंबायला लागलेल्या. पंधरा फुटांवरून, सुतळीहून बारीक, सरळ जमिनीकडं. एक टेकलीही होती, टोकाला पांढरं तंतुमूळ. हिला अमृता का म्हणतात ते अशा वेळी पटतं. कापलेली गुळवेल हवेतून मुळं सोडते आणि जमीन गाठते. म्हणून ती कापल्यावर दर पंधरवड्याला खाली फिरून लोंबते दोरे तोडावे लागतात. वरच्या देठातला साठा संपेपर्यंत. आमच्या इथं त्याला चार महिने लागले. कोविडच्या काळात लोक काढ्यासाठी निंबावरची गुळवेल मागत दारोदार फिरत होते. तेव्हा कुणी या परड्यात शिरलं असतं तर माझं निम्मं काम झालं असतं.

काढलेल्या वेलींचं काय करायचं, हा प्रश्न लोक शेवटाला विचारतात, तो आधी विचारावा. गडी ट्रॉलीत भरून ओढ्याला टाकायला निघाले होते. मनीप्लांटचं एक पेर आणि गारवेलीचं एक कांडं ओल्या मातीत पडलं की नवी वेल. पुराच्या गावात तर ते पाण्याबरोबर पुढच्या परड्यात जातं. सगळं माळवदावर पसरलं आणि कुरकुरीत होईस्तोवर वाळवलं. उन्हाळ्यात तीन आठवडे पुरले. मग खड्ड्यात शेण आणि पाला यांच्या थरात. मनीप्लांटचा चीक अंगाला खाजवतो, एका गड्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. हातमोजे मी दुसऱ्या दिवशी आणले. ते पहिल्या दिवशी आणायचे असतात.

आता आंब्याचा कट्टा.

मी म्हटलं, कट्टा फोडायचा. आक्का म्हणाल्या, न्हाई. कट्ट्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड होता, नागोबाचा. पंचमीला शेजारच्या बायका लाह्या-दूध घेऊन येतात. "देव हालवायचा म्हंजे गुरवाला इचारल्याशिवाय न्हाई, आन गुरव गेलाय मुलीकडं." मी शेवटी तीन बाजूंचा सौदा केला. देवाची बाजू राहू दे, बाकीच्या तीन फोडू. त्याला त्या तयार झाल्या.

छन्नी-हातोड्यानं सिमेंट काढायला दीड दिवस गेला, पण माती काढायला तीन. पहार आणि कुदळ मी बुंध्याजवळ येऊ दिली नाही. खुरपं, बांबूची कांबट आणि पाण्याची नळी, एवढ्यावर काम केलं. वरची फूटभर माती कोरडी, तिच्याखाली मात्र घट्ट काळा चिखल, आणि दारात साठलेल्या गटारीचा येतो तसा वास. कट्ट्यातलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. आतली साल मऊ, काळी. एका ठिकाणी वाळवीच्या मातीच्या नळ्या. झाडानं आपल्या परीनं मार्ग काढला होता: पुरलेल्या खोडातून वरच्या मातीत नवी मुळं सोडली होती. त्यातलं एक, मनगटाएवढं, कट्ट्याच्या भिंतीला थडकून वळलं आणि गोल फिरत खोडालाच वेढा घालून बसलं. पश्चिमेकडं त्यानं सालीत दोन बोटं खोल खाच पाडली होती. बरोबर त्याच बाजूचा शेंडा वाळत होता.

मामा उकिडवे बसून ते बघत होते. म्हणाले, "गळफास वर हुडकत हुतो, आन हितं खाली हाय."

खोडाच्या सालीला हवा लागते आणि मुळांनाही. आंब्यासारख्या झाडाची पाणी-क्षार घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. त्यांच्यावर चार ट्रॉल्या माती आणि सिमेंट टाकलं की ती गुदमरतात, पण लगेच नाही. मोठं झाड साठ्यावर दहा-वीस वर्षं काढतं. म्हणून कट्टा आणि वाळणं यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि समोर दिसणाऱ्या वेलीवर खापर फुटतं. आपल्याकडं प्रत्येक जुन्या झाडाला पार बांधायची हौस दांडगी, त्यात अलीकडं पेव्हिंग ब्लॉकची भर. गावोगावचे जुने पार दगडांचे, चुन्या-मातीचे असत, सांध्यांतून पाणी झिरपे. सिमेंटचा हौद झाडाभोवती बांधणं हे वेगळं प्रकरण आहे.

वेढा घातलेलं मूळ आम्ही एका झटक्यात ओढलं नाही. दोन ठिकाणी छोट्या करवतीनं कापलं, मधला तुकडा सुटा झाला तेवढाच काढला, सालीत रुतलेला भाग तिथंच कुजायला ठेवला. मूळ जमिनीची पातळी सापडली ती कट्ट्याच्या माथ्यापासून अडीच फूट खाली. तिथंच पहिले फाटे दिसले. आक्का काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, लहान पोरं ह्या फाट्यांच्या बेचक्यात बसायची, आपली सासू तिथं वाळवणाची राखण करायची. तीसएक वर्षांनी त्यांना ते पुन्हा दिसत होते.

छाटणीची परवानगी आली तोवर एप्रिल उजाडला होता. वाळलेलं आणि बांडगुळाचं तेवढंच काढायचं, हिरव्याला फारसा हात लावायचा नाही, हे मामांशी आधीच ठरलं होतं. मुळं आजारी असताना पानं कमी करणं म्हणजे उपाशी माणसाचं ताट काढून घेणं. जाड फांदी तीन कापांत उतरवली: आधी खालून तिसरा हिस्सा, मग थोडं पुढं वरून, म्हणजे फांदी सुटताना खोडाची साल सोलून नेत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट. तो खोडाला चपाट लावून कापायचा नाही. फांदीच्या बुडाशी सुरकुतलेला फुगवटा असतो, तो राखायचा, जखम तिथूनच मिटत येते. लोक नेमका तोच साफ करतात, 'फिनिशिंग' म्हणून. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावली, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादल्यांत. लोखंडी खिळा बुडवून बघितला, तांबूस चढला, म्हणून चुना वाढवला. डांबर आणि ऑइलपेंट लावायला मी कुणालाच सांगत नाही.

पश्चिमेची एक मेलेली फांदी मात्र आम्ही पूर्ण काढली नाही. तिच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. मामांनी वर जाऊन डोकावलं, आत दोन पिल्लं. लग्नाच्या मांडवावर घुबड नको, असा पुण्याहून निरोप आला. आक्काच म्हणाल्या, पिंगळा म्हंजे घुबड न्हवं, त्यो आपला घरचाच. पक्षिशास्त्रात त्यांचं म्हणणं टिकणार नाही, पण फांदी राहिली. जड टोक उतरवून आठ फुटांचा खुंट ठेवला. खाली मांडव येणार नाही एवढं बघितलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वळीव आला, गारांसकट. मांडवाचं कापड गेलं. आंब्याची एक डहाळी पडली नाही.

एकूण खर्च मजुरी, दोर, चुना-मोरचूद धरून 21,000 च्या आसपास झाला. निम्म्याहून जास्त पैसे माती काढण्यात गेले, वेली काढण्यात नाही.

पावसाळ्यात मी दोनदा गेलो. खोडाभोवतीच्या खड्ड्यात पाणी साठू नये म्हणून एक चर परड्याच्या उताराला काढून दिली, ती पहिल्या पावसात बुजली, पुन्हा काढली. पालापाचोळा फांद्यांच्या घेराखाली पसरला, बुंध्याला चिकटू न देता. ऑक्टोबरात आंब्याला पूर्वेकडं आणि मधे तांबूस पालवी आली. पश्चिमेच्या दोन फांद्या आणखी गेल्या, त्या जाणारच होत्या. झाड वाचलं का, असं पुण्याहून विचारतात. आणखी तीन पावसाळे बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही. रामफळ मात्र मोकळं झाल्याबरोबर वेड्यासारखं फुटलं.

फणसाची पोळलेली जागा अजून उघडी आहे. मेलेली साल मी धारदार पात्यानं जिवंत कडेपर्यंत काढली. जानेवारीत बघितलं तर दोन्ही कडांनी नव्या सालीची गोल मुरड आली आहे, करंजीच्या कडेसारखी. एका बाजूनं पाऊण इंच, दुसऱ्या बाजूनं त्याहून कमी. हातभर रुंदीची जागा मिटायला किती वर्षं लागतील त्याचा हिशोब कुणीही करू शकतो. या वर्षी कुयऱ्या धरल्या आहेत, सगळ्या पूर्वेच्या बाजूला.

गेल्या आठवड्यात आक्कांचा फोन आला होता. गुरव परत आलाय. नागोबा भिंतीकडंच्या कोनाड्यात बसवायला त्याची हरकत नाही, पण पंचमी झाल्यावर. तोवर चौथी बाजू तशीच. आणि निंबाच्या बुडाशी गुळवेलीचा एक दोरा टेकलाय, तो तोडू नका म्हणाल्या. "वाईच ऱ्हाऊ दे. कुणी काढ्याला मागाय आलं तर न्हाई कसं म्हणायचं?"

मी हो म्हटलंय. मामांना अजून सांगितलेलं नाही.